ऐंशी लिटर: कारगिलमधल्या एका खेपेचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याकडे कसं आलं

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात आमचं छोटं बचाव पथक आहे. त्यात मासेमारी करणारे, आगरवाले, दोन शिक्षक आणि एक एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडची माडा-पोफळीची आगरं आडवी झाली आणि कितीतरी दिवस गावात वीज नव्हती की फोन नव्हता. त्यानंतर हे पथक उभं राहिलं. त्याचं प्रशिक्षण मी बघतो.

गावातच एक निवृत्त अधिकारी राहतात. लहानथोर सगळे त्यांना मेजरकाका म्हणतात. ते आर्मी एव्हिएशनमध्ये, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेत, हेलिकॉप्टर वैमानिक होते आणि १९९९ च्या कारगिल युद्धात त्यांनी जखमी जवानांना खाली आणण्याच्या खेपा केल्या. पथकापुढे बोला म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे होतो. ते तयार झाले ते एका अटीवर: शौर्यकथा सांगणार नाही, एकच खेप सांगेन, आणि तुम्ही तिची चिरफाड करायची. त्यांच्या परवानगीने ती इथे मांडतो आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तारीख, ठाणं आणि तुकडी गाळली आहे.

मेजरकाकांनी शौर्य बाजूला ठेवायला सांगितलं असलं तरी माझं मत मी आधीच सांगून टाकतो. त्या संध्याकाळी त्यांनी आणि त्यांच्या सहवैमानिकाने जे केलं, त्याहून मोठं धाडस मी जवळून ऐकलेलं नाही. म्हणूनच त्यातली चूक नीट समजून घ्यावीशी वाटते.

पार्श्वभूमी

जून १९९९ चा उत्तरार्ध. आपल्याकडे मृगाचा पाऊस लागून गेला होता, आगोट संपली होती, होड्या वर ओढून शाकारल्या होत्या. तिकडे द्रासच्या वरच्या कड्यांवर उन्हात बर्फ वितळत होतं आणि रात्री पुन्हा गोठत होतं. काकांच्या आईला मुलगा 'काश्मीरकडे' आहे एवढंच माहीत होतं.

हेलिकॉप्टर होतं 'चीता'. मूळ फ्रेंच 'लामा', आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेलं. एक इंजिन, पाच जणांची जागा, पुढे काचेचा फुगा आणि मागे उघड्या नळ्यांची शेपटी. उंचीच्या बाबतीत तेव्हा या जातीला तोड नव्हती. १९७२ मध्ये याच लामाने १२,४४२ मीटरचा विक्रम केला होता. पण चिलखत नाही, शस्त्र नाही. त्याच्या अंगावर बंदुकीची गोळी अडवेल असं काहीच नसतं.

हवेतला धोका तेव्हा सगळ्यांना ठाऊक झाला होता. हवाई दलाची कारवाई २६ मेला सुरू झाली. २७ मेला दोन लढाऊ विमानं गेली आणि २८ मेला द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरापाशी एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. त्यातले चौघेही गेले. त्यानंतर एमआय-१७ ला हल्ल्याच्या कामातून बाजूला घेतलं. जखमींना आणायला चीता मात्र रोज वर जात राहिली, दरीच्या भिंतीला चिकटून, नाल्यांच्या आडोशाने.

एक गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्यांना समजायला वेळ लागला. १७,००० फुटांवर हवा किती विरळ असते, तर समुद्रकाठच्या हवेच्या साधारण ६० टक्के. पंख्याला पकडायला हवाच कमी आणि इंजिनाला श्वासही कमी. खाली १,९५० किलोपर्यंत वजन घेऊन उडणारं यंत्र तिथे किलो-किलोचा हिशेब मागतं.

काकांनी हा हिशेब आम्हाला पडवीत मांडून दाखवला. सारवलेल्या जमिनीवर खडूने हेलिकॉप्टर काढलं, घरच्या पोफळीच्या सुपाऱ्यांची टोपली घेतली आणि दर दहा किलोला एक सुपारी ठेवत गेले. वैमानिक कपड्यांसकट नऊ सुपाऱ्या. सहवैमानिक साडेआठ, त्यासाठी अडकित्त्याने एक सुपारी कातरली. स्ट्रेचर, ऑक्सिजन, औषधांची पेटी, हत्यारांची पिशवी. मग इंधन. सगळं मांडून झाल्यावर मागच्या जागेत त्यांनी सात सुपाऱ्या ठेवल्या आणि म्हणाले, "हा जखमी. आता काठ आला. याच्यावर एक सुपारी ठेवायची नाही."

अडचण

संध्याकाळी निरोप आला: डोंगराच्या एका धारेवरच्या ठाण्यात एक जवान जखमी, मांडीतून रक्तस्राव, पट्टा आवळून बांधलेला. खाली नेला नाही तर वाचणार नाही.

साधारणपणे अशा खेपेला दोन हेलिकॉप्टर जोडीने जातात. एक उतरतं, दुसरं नजर ठेवतं आणि पहिल्याचं काही झालं तर त्याच्या माणसांना उचलतं. त्या दिवशी जोडीतलं दुसरं यंत्र बिघडलं होतं. ते तयार होईपर्यंत अंधार पडणार आणि त्या धारेवर अंधारात उतरणं शक्य नव्हतं.

इथे पहिला निर्णय झाला: एकट्याने जायचं. त्याच्या पाठोपाठ दुसरा झाला, इतका सहज की तो निर्णय आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. एकटेच जातोय, वाट चुकली किंवा मधला तळ तोफांखाली असला तर थेट पुढच्या इस्पितळापर्यंत जाता यावं, म्हणून नेहमीपेक्षा ऐंशी लिटर इंधन जास्त घेतलं. जखमी एकच असल्यामुळे ते वजन हिशेबात बसत होतं.

हेलिकॉप्टर वाटेत असताना ठाण्यावर पुन्हा तोफगोळे पडले आणि दुसरा जवान जखमी झाला. छातीत उजवीकडे तुकडा, श्वास लागलेला. ही बातमी काकांना कळली ती चाकांऐवजी ज्या पट्ट्यांवर चीता बसते, त्या पट्ट्या दगडांना लागल्यावर. ठाण्याच्या सुभेदाराने वाकून, पंख्याखालून धावत येऊन, कानाशी ओरडून सांगितलं: "साब, दो हैं."

उतरायची जागा आमच्या पडवीएवढी. तीन बाजूंना उतार. इंजिन बंद करायची सोय नव्हती, कारण तेवढ्या उंचीवर ते पुन्हा चालू होईलच याची खात्री नसते. पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज पलीकडच्या धारेवर जात होता. उजेड फार तर पंचवीस मिनिटांचा.

समोरचे पर्याय

पथकात चर्चा करताना आम्ही चार पर्याय फळ्यावर लिहिले. तिथे ते एका मिनिटाच्या आत डोक्यातून गेले असतील.

एक म्हणजे जास्त गंभीर जखमीला घेऊन निघायचं, दुसऱ्याला सकाळी. डॉक्टर ठाण्यावर नव्हता. मलमपट्टी करणारा शिपाई होता आणि त्याला विचारलं तर त्याने दोन्हीकडे बोट दाखवलं. मांडीवाल्याचं रक्त पट्ट्यातूनही झिरपत होतं, छातीवाल्याचे ओठ निळे पडत होते. रात्र दोघांनाही झेपणारी नव्हती.

दुसरा, दोन खेपा. पहिल्याला सात मिनिटं खाली असलेल्या मलमपट्टी केंद्रावर सोडून परत यायचं. चढताना वेळ जास्त लागतो, म्हणजे सगळं जुळून आलं तर शेवटच्या उजेडात दुसरं उतरणं. पण तोवर पलीकडच्या तोफांना ही जागा नेमकी सापडली असती.

तिसरा, दुसऱ्याला स्ट्रेचरवर पायी खाली नेणं. आठ जण आळीपाळीने उचलणार, खडकातून, रात्रभर. शिवाय तेवढी माणसं त्या रात्री ठाण्यावरून कमी होणार.

आणि चौथा, वजन उतरवून दोघांनाही घेणं. वजनापैकी पटकन उतरवता येईल असं सगळ्यात मोठं एकच होतं. साडेआठ सुपाऱ्यांचं.

काय केलं

सहवैमानिक पंचविशीतला कॅप्टन होता. काका तोंड उघडण्याआधी त्याने सीटचा पट्टा सोडला होता. "मी उतरतो, सर." काकांनी मान हलवली. त्याने आपली पाण्याची बाटली मागे जखमीच्या कुशीत ठेवली, दार ढकललं आणि दगडांवर उडी मारली. मग तो आणि सुभेदार मिळून जखमींच्या अंगावरची दारूगोळ्याची पाकिटं, बूट, पाठीवरचं ओझं काढू लागले. दोघांना आत सरकवलं, मांडीवाला आडवा, छातीवाला अर्धवट बसता, त्याच्या पाठीशी गुंडाळलेली घोंगडी.

सहवैमानिक उतरणं म्हणजे काय, हे पथकातल्या मुलांना नीट कळावं म्हणून काकांनी सांगितलं. अशा ठिकाणी एकाचे डोळे बाहेर, दुसऱ्याचे काट्यांवर. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे चालला की तो ओरडून सांगतो. आता ते सांगणारं कोणी नव्हतं. आणि उतरलेला माणूस हा पायदळाचा नव्हता. त्याच्याकडे त्या थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, खंदकातल्या रात्रीची सवय नव्हती.

काकांनी हेलिकॉप्टर अलगद उचलायचा प्रयत्न केला. पट्ट्या हातभर सुटल्या, तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला, पंख्याचे फेरे कमी होऊ लागले. त्यांनी यंत्र परत खाली बसवलं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा क्षण हाच. यंत्र तसंच ओढून नेण्याचा मोह किती असेल! मागे दोन माणसं कण्हत आहेत, सगळे तुमच्याकडे बघताहेत, अंधार उतरतोय. काकांनी हाताने खूण करून स्ट्रेचर काढायला लावलं, हत्यारांची पिशवी काढायला लावली. ऑक्सिजनची बाटली सुभेदाराने धरली तेव्हा ती मात्र राहू द्या म्हणून सांगितलं. आणि मग ते थांबले.

वाऱ्यासाठी. समोरून वारा आला तर पंख्याला तेवढीच जास्त हवा मिळते. दरीतून वर येणारा वारा झुळका-झुळकांनी येत होता. जवळच्या काठीला बांधलेली कापडाची पट्टी उठायची, पडायची. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तिथे लाट फुटते आणि होडी आत घालायची तर तांडेल बाहेर थांबून लाटा मोजतो. लहानपणी मामाच्या होडीत पुढे बसून काकांनी ते मोजणं पाहिलं होतं. ते म्हणाले, "मामा खलाशांना वल्ही वर धरायला लावायचा. कितीही ओरडा झाला तरी त्याचा हात खाली यायचा नाही. मला त्या वेळी त्याचा तो हात दिसत होता."

पहिला गोळा चारशे-पाचशे मीटर खाली पडला. पट्टी पडलेलीच. दुसरा वरच्या बाजूला. सहवैमानिक दगडाआड गेला नाही, पट्टीकडे बघत, हात वर धरून उभा राहिला, म्हणजे काकांना मान वळवावी लागू नये. तीन मिनिटं गेली असावीत. पट्टी ताठ झाली, त्याने हात खाली केला, काकांनी यंत्र वीतभर उचललं आणि उताराच्या बाजूला नाक टाकून सरळ दरीत सोडून दिलं. खाली जाताना वेग मिळतो आणि वेग मिळाला की पंखा धरतो. पंख्याने धरलं तोवर धार तीनशे फूट वर राहिली होती.

परिणाम

मलमपट्टी केंद्रावर ते नऊ मिनिटांत उतरले. जास्तीचं ऐंशी लिटर इंधन टाकीत तसंच होतं.

मांडीवाला जवान जगला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. छातीवाल्याला केंद्रावर नळी घातली, पुढे नेलं, आणि तो दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेनंतर गेला. त्याच्या गावी काका पुढे एकदा जाऊन आले. तिथलं त्यांनी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या रात्री ठाण्यावर पहाटेपर्यंत गोळे पडत होते. खंदकाच्या तोंडाशी एक फुटला. सहवैमानिक वाचला, पण त्याच्या उजव्या कानाचा पडदा फाटला आणि ऐकू येणं परत आलं नाही. सकाळी त्याला आणायलाही काकाच गेले, या वेळी जोडीने. त्याची वैद्यकीय श्रेणी उतरली, उडणं सुटलं. विशी-पंचविशीत ज्याच्यासाठी सगळं सोडलं, ते त्या एका उडीत गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

एकट्याने जाण्याच्या निर्णयावर पथकात फार वाद झाला नाही. थांबणं म्हणजे पहिल्या जखमीला सोडून देणं होतं.

निरोपाबद्दल झाला. दुसरा जवान जखमी झाल्याची बातमी ठाण्यावरून निघाली होती, तळापर्यंत पोचली होती, हेलिकॉप्टरपर्यंत मात्र नाही. ती आधी कळली असती तर काका वाटेत मलमपट्टी केंद्रावर क्षणभर उतरून स्ट्रेचर, पिशवी आणि सहवैमानिक तिथेच सोडून वर गेले असते. सहवैमानिक मग रात्रभर निदान डॉक्टरांच्या तंबूत असता. उतरायच्या आधी ठाण्याला एकदा तरी 'किती जण?' असं विचारायला हवं होतं, हे काका आज स्वतःहून सांगतात. निरोपात एक म्हटलं होतं, म्हणून विचारलं नाही.

दोन खेपांचा पर्याय त्यांना अजून सोडत नाही. पहिल्या खेपेला छातीवाला नेला असता तर तो वीस मिनिटं आधी नळीखाली गेला असता का? नसता, कारण पहिला प्रयत्न, वजन उतरवणं आणि वाऱ्याची वाट यात गेलेला वेळ त्याहून कमी होता. पण हे गणित घरी बसून होतं. आमच्या पथकातल्या एका मुलीने सरळ विचारलं, "काका, तुम्ही दोघांना घेतलंत ते दोघे वाचावेत म्हणून, की कोणाला ठेवायचं हे ठरवायला लागू नये म्हणून?" पडवीत कोणी हललं नाही. काका म्हणाले, "दोन्ही." मला वाटतं, त्या उत्तरालाही धैर्य लागलं.

आदेशाबद्दल त्यांचं आणि त्यांच्या सहवैमानिकाचं आजही पटत नाही. काकांचं म्हणणं, 'उतर' हा शब्द माझ्या तोंडून जायला हवा होता. त्याने स्वतःहून उतरू देऊन मी ते ओझं त्याच्यावर टाकलं, आणि पुढे वैद्यकीय कागदपत्रांत 'स्वेच्छेने' असा शब्द आला त्याचा त्याला त्रासच झाला. सहवैमानिक दर मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत सहकुटुंब येतात. त्यांना मी विचारलं. ते म्हणाले की, सरांना तोंड उघडायला दोन सेकंद लागली असती, आणि त्यांना ते सांगायला लागू नये म्हणूनच तर मी पट्टा आधी सोडला. माझं मत काकांच्या बाजूचं आहे. वरिष्ठाने सांगायचं असतं, कनिष्ठ आधीच उठलेला असला तरी. आमच्या पथकात आता होडीतून कोणी उतरायचं ते तांडेलच मोठ्याने सांगतो, उतरणारा तयार असला तरी.

राहिलं इंधन. ते आम्ही शोधलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या सरावात काकांनी पुन्हा खडूचं हेलिकॉप्टर काढलं, सुपाऱ्या मांडल्या आणि मुलांना सांगितलं, दुसरा जखमी घ्या, काय काढायचं ते काढा. सगळ्यांचे हात सहवैमानिकाच्या साडेआठ सुपाऱ्यांकडे गेले. गोष्ट ऐकलेली होती. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक पोरगा मागे बसला होता. तो पुढे आला, टाकीच्या चौकोनातल्या सुपाऱ्या मोजू लागला आणि म्हणाला, "काका, इथे साडेसहा जास्त आहेत."

ऐंशी लिटर, म्हणजे चौसष्ट किलो. बूट-पाकिटं काढलेल्या एका जवानाचं जवळजवळ पूर्ण वजन. तळावरून नेहमीएवढंच इंधन घेतलं असतं तर स्ट्रेचर आणि पिशवी उतरवून कदाचित चौघेही निघाले असते. काकांना हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं, ते मी विचारलं. त्याच संध्याकाळी, केंद्रावर उतरल्यावर, टाकीचा काटा बघून.

धारेवर ते इंधन काढता आलं नसतं. चालू पंख्याखाली, बर्फात, तोफगोळ्यांत टाकी रिकामी करत बसायला वेळ नव्हता. प्रश्न तळावरचा होता. 'सुरक्षिततेसाठी' म्हणून घेतलेलं वजन त्या एका शब्दामुळे कोणी तपासलं नाही. काका पुढे वरिष्ठ झाले तेव्हा त्यांच्या तुकडीत जखमी आणण्याच्या प्रत्येक खेपेचा हिशेब सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक माणूस जास्त धरून होत असे, आणि जास्तीचं इंधन घ्यायचं तर त्याचं कारण बोलून दाखवावं लागे.

पोराने त्या साडेसहा सुपाऱ्या उचलून टोपलीत टाकल्या. दुसरा जखमी आत ठेवला आणि सहवैमानिकाच्या सुपाऱ्या होत्या तिथेच राहू दिल्या. काका बराच वेळ त्या मांडणीकडे बघत बसले. मग सहवैमानिकाची ती अर्धी कातरलेली सुपारी जरा कडेला सरकली होती, ती त्यांनी बोटाने नीट आत घेतली.